शाळा पूर्ण वेळ सुरू होते आहे आणि घरात प्रतिकारशक्ती दबलेला पालक आहे: तुम्ही काय ठरवले?

कातरवेळ

कोविडच्या साथीमुळे बंद असलेली मुलीची शाळा सोमवारपासून पूर्ण वेळ सुरू होते आहे आणि ऑनलाइन वर्ग त्याच दिवसापासून बंद होतील, असे पत्र शाळेकडून आले आहे. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिची प्रकृती ठणठणीत आहे. काळजी आहे ती माझ्यामुळे. सहा वर्षांपूर्वी माझे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले. शरीराने नवे मूत्रपिंड परके म्हणून नाकारू नये यासाठी मी रोज सकाळ-संध्याकाळ टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट घेते, आणि लस टोचल्यावर शरीराने जे काम करायचे असते नेमके तेच काम ही औषधे रोखून धरतात. कोविडच्या लशीच्या दोन मात्रा झाल्यावर प्रतिपिंडांची (विषाणूला अडवणाऱ्या अँटीबॉडींची) तपासणी करून घेतली, तेव्हा अहवालात 'आढळली नाहीत' एवढेच छापून आले. डॉक्टरांना त्याचे नवल वाटले नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी मे २०२१ मध्ये ६५८ प्रत्यारोपित रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दुसऱ्या मात्रेनंतरही ५४ टक्के रुग्णांमध्येच प्रतिपिंडे दिसली होती. उरलेल्या जवळजवळ निम्म्यांत मी आहे.

मुख्याध्यापकांशी फोनवर बोलले. ते सौजन्याने बोलले, पण त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा होता की अशा घरांनी आपला निर्णय आपण घ्यावा आणि मूल घरीच ठेवायचे असेल तर नाव काढून घेण्याचा अर्ज करावा. वर्गात किती मुले बसतील, खिडक्या उघड्या राहतील का, कोणी बाधित निघाले तर आम्हाला कधी कळेल, यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. 'सर्व काळजी घेतली जाईल' हे वाक्य मात्र तीन वेळा ऐकले.

हा धागा काढण्याचे खरे कारण परवा रात्रीचे आहे. दिवा मालवायला गेले तेव्हा मुलगी अंथरुणात उठून बसली होती. ती म्हणाली, "आई, मी वर्गात श्वास कमी कमी घेत जाईन. मी सराव केला आहे, बघ." तिने ओठ घट्ट मिटले, नाक चिमटीत धरले आणि दुसऱ्या हाताच्या बोटांच्या पेरांवर अंक मोजायला लागली. एकोणतीसपर्यंत मोजले, तोवर डोळ्यांत पाणी आले होते. मग हसून म्हणाली, "काल चोवीसच आले होते."

तेव्हापासून मला नीट विचारच करता येत नाही. ज्यांच्या घरी असे आहे त्यांनी काय ठरवले, कशाच्या आधारावर ठरवले, आणि मुलांना काय सांगितले, हे कृपया सविस्तर लिहावे.

वाटाड्या

ताई, आपली दोघांची गत सारखीच आहे. मला लिम्फोसाइट पेशींचा जुनाट रक्तकर्करोग आहे. सध्या औषध नाही, केवळ लक्ष ठेवणे चालू आहे, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला मी पूर्ण निरोगी दिसतो. पण प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशीच या आजारात बिघडलेल्या असतात, म्हणून उपचार चालू नसतानाही लशीचा गुण पुरेसा येईलच असे नाही. हे समोरच्याला पटवून देताना माझी दमछाक होते. 'तुम्ही तर ठीक दिसता' हे वाक्य मी या दीड वर्षात इतक्यांदा ऐकले आहे की आता त्यावर वाद घालणे सोडून दिले आहे.

आम्ही दोन महिने मुलाला घरी ठेवले आणि नंतर पाठवले. पाठवण्याचे कारण धोका कमी झाला हे नव्हते. मुलगा तेरा वर्षांचा आहे. तो दिवसभर माझ्या खोलीच्या दाराशी येऊन माझा खोकला ऐकायचा. घरी ठेवल्याने त्याची भीती कमी होईल हा आमचा अंदाज साफ चुकला. घरात त्याला माझ्याकडे बघण्यावाचून दुसरे काम उरले नव्हते.

पिंपळपान

माझा अनुभव औषधाच्या वेळेबद्दल आहे, आणि तो उपयोगी पडावा म्हणून लिहिते. मला संधिवातासाठी रिटुक्सिमॅब हे औषध दिले जाते. ते दिल्यावर प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशी कित्येक महिने जवळजवळ नाहीशा होतात आणि त्या काळात घेतलेली लस बरीचशी वाया जाऊ शकते. माझ्या डॉक्टरांनी आजार स्थिर असल्याचे पाहून पुढची मात्रा लांबवली आणि मधल्या फटीत लस बसवली. प्रत्येकाला हे शक्य नसते. प्रत्यारोपित व्यक्तीने तर औषधाला हातही लावू नये, कारण अवयव गमावण्याचा धोका फार मोठा आहे. तरीही 'लस कधी घेऊ' हा प्रश्न 'लस घेऊ का' याच्या इतकाच महत्त्वाचा आहे आणि तो आपण होऊन विचारावा लागतो. प्रतिपिंडे न दिसणे म्हणजे लशीचा काहीच उपयोग झाला नाही असेही नव्हे. टी पेशींचा (बाधित पेशी नष्ट करणाऱ्या पेशींचा) प्रतिसाद साध्या तपासणीत दिसत नाही, आणि तो बऱ्याच रुग्णांत तयार होतो असे आढळले आहे. फक्त त्यावर विसंबून मास्क काढू नये, एवढेच.

मतभिन्न

माझे म्हणणे कदाचित रुचणार नाही, पण लिहितो. या धाग्यावर सर्वांची सहानुभूती एकाच बाजूला जाईल हे दिसते आहे. शाळा बंद असण्याचीही किंमत असते आणि ती मुलेच मोजतात. २०२० च्या वसंतात जगभरात दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थी शाळेबाहेर होते, असे युनेस्कोने नोंदवले आहे. माझा मुलगा पहिलीत होता. पडद्यावर बाई शिकवत असताना तो टेबलाखाली जाऊन बसायचा. वाचायला शिकण्याचे त्याचे वर्ष गेले ते गेलेच, आणि घरी शिकवायला वेळ नसलेल्या घरांतली मुले तर त्याहून मागे पडली. काही थोड्या घरांत गंभीर आजार आहे म्हणून सर्वांसाठी शाळा अर्धवट चालवावी, हे मला पटत नाही. त्या घरांना ऑनलाइनची सोय जरूर चालू ठेवावी आणि बाकीच्यांना मोकळे करावे.

कातरवेळ

मतभिन्न, रुचले नाही असे नाही. तुमच्या मुलाच्या टेबलाखाली बसण्याने मला खरोखर वाईट वाटले. माझ्या मुलीलाही शाळा हवी आहे. शाळा बंद ठेवा असे मी कोठेही म्हटलेले नाही. ऑनलाइनची जी सोय चालू ठेवावी असे तुम्ही म्हणता तीच सोमवारी बंद होते आहे. शिवाय 'थोडी घरे' हा हिशेब एकदा नीट करून पाहावा. प्रत्यारोपण, कर्करोग, संधिवात, अनियंत्रित मधुमेह, जुना फुफ्फुसविकार, आणि यांपैकी काही असलेले सोबत राहणारे आजी-आजोबा, हे सर्व धरले तर एका वर्गात असे एकच घर असेल का? बहुतेक जण शाळेला सांगत नाहीत, म्हणून संख्या थोडी दिसते.

जुलै २०२१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अंदाज असा होता की साथीच्या पहिल्या चौदा महिन्यांत जगात १५ लाखांहून अधिक मुलांनी आई, वडील किंवा सांभाळ करणारे, सोबत राहणारे आजी-आजोबा यांपैकी कोणीतरी गमावले. मुलांना हा आजार सहसा सौम्य होतो हे खरे असले, तरी मुलांचे नुकसान मोजताना हा आकडाही त्यातच धरायला हवा.

मोजपट्टी

मी इमारतींतील वायुवीजनाचे काम करतो. भावनांवर मला लिहिता येत नाही, हवेवर लिहितो, थोडे लांबेल.

सुरुवातीला सर्वांनी दप्तरे पुसली, वह्या दोन दिवस बाजूला ठेवल्या. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये सांगितले की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी असते. त्याच महिन्याच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या संकेतस्थळावर मान्य केले की कोंदट, गर्दीच्या बंद जागेत विषाणू हवेतून दूरपर्यंत पोहोचू शकतो. तोवर साथीला वर्ष उलटून गेले होते. शाळेत निर्जंतुकाच्या बाटल्या दिसतात आणि खिडक्या बंद असतात, याचे मूळ त्या गेलेल्या वर्षात आहे.

विषाणू मोजता येत नाही, पण इतरांनी सोडलेला श्वास मोजता येतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असते. आपण सोडलेल्या श्वासात ते ४०,०००च्या घरात असते. वर्गातले यंत्र २,३०० दाखवत असेल, तर वजाबाकी आणि भागाकार करून उत्तर येते की तिथल्या हवेचा सुमारे विसावा भाग आधी कोणाच्या तरी फुफ्फुसात जाऊन आला आहे. म्हणजे मूल वीस श्वास घेते त्यातला एक दुसऱ्याचा असतो. हेच प्रमाण ८०० वर आले, तर शंभरातला एक. माझ्या मते पालकसभेत इतर काहीही न बोलता हा एक हिशेब फळ्यावर मांडावा.

आकडा खाली आणायला समोरासमोरची दारे-खिडक्या उघडणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि एकाच बाजूच्या चार खिडक्यांपेक्षा समोरासमोरच्या दोन अधिक काम करतात. जिथे ते जमत नाही तिथे हेपा गाळणी असलेले यंत्र ठेवावे. ते कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही, त्यामुळे आकडा तसाच दिसेल, पण विषाणू वाहणारे कण गाळून काढते. यंत्र घेताना त्याच्या खोक्यावरचे 'किती चौरस मीटरसाठी' हे वाचू नये. ताशी किती घनमीटर स्वच्छ हवा देते ते पाहावे. नऊ मीटर लांब, सात मीटर रुंद आणि तीन मीटर उंच वर्गात १८९ घनमीटर हवा असते. ताशी ३८० घनमीटर देणारे एक यंत्र ती हवा तासात दोनदाच गाळते. पाच-सहा वेळा गाळायची असेल तर अशी तीन यंत्रे लागतील. शाळा एकच आणून दाराशी ठेवते, फीत कापते आणि आवाज होतो म्हणून तास सुरू झाल्यावर बंद करते, हे मी स्वतः पाहिले आहे. तयार यंत्रे परवडत नसतील तर चार चांगल्या गाळण्यांची चौकट करून वर पंखा बसवण्याची युक्ती अभियंते रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथल यांनी २०२० मध्ये पुढे आणली. ती थोड्या खर्चात होते आणि उत्तम चालते.

आता पुरावा. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या १६९ प्राथमिक शाळांचा अभ्यास मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी वायुवीजन सुधारले त्या शाळांत बाधितांचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होते, आणि बाहेरची हवा व गाळणी दोन्ही वापरली तिथे ४८ टक्क्यांनी. ही निरीक्षणे आहेत, प्रयोग नव्हे. तरी दुर्लक्ष करण्याजोगी नक्कीच नाहीत.

वाटाड्या

मोजपट्टी, तुमच्या विसाव्या श्वासाने आज झोप लागणार नाही, पण आभार. आपल्यासारख्या घरांच्या दृष्टीने आणखी एक अभ्यास महत्त्वाचा वाटतो. तोही जॉन्स हॉपकिन्सचा. २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यात प्रश्नच असा होता की मूल प्रत्यक्ष शाळेत जात असेल तर घरातल्या मोठ्या माणसाचे काय होते. अमेरिकेतील एका फार मोठ्या ऑनलाइन सर्वेक्षणावरून त्यांना आढळले की मूल पूर्ण वेळ शाळेत जाणाऱ्या घरांतील प्रौढांना कोविडसारखी लक्षणे होण्याची शक्यता ३८ टक्क्यांनी अधिक होती. पण शाळेने योजलेल्या प्रत्येक उपायागणिक ती कमी होत गेली आणि सात किंवा अधिक उपाय असलेल्या शाळांच्या बाबतीत हा फरक जवळपास दिसेनासा झाला. लोकांनी स्वतः भरलेली माहिती आहे, शिवाय ती विषाणूचा डेल्टा प्रकार पसरण्याच्या आधीची आहे, म्हणून आकड्यांना चिकटून बसू नये. मला त्यातून एवढे कळले की माझ्या जिवाचा धोका मी दार किती घट्ट लावतो यावर जितका अवलंबून आहे, तितकाच मुख्याध्यापक काय करतात यावरही आहे. सर्वांत उपयोगी ठरलेल्या उपायांत एक होता रोज सकाळी लक्षणे विचारण्याचा. त्याला ना यंत्र लागते ना पैसा.

साधा_पालक

रोज सकाळी लक्षणे विचारण्यावरून लिहितो. नाव झाकलेले आहे म्हणूनच लिहितो आहे.

मी तो बाप आहे, ज्याने तापाचे औषध देऊन मुलाला शाळेत पाठवले. मुलाचे नाक वाहत होते, अंग किंचित कोमट होते. माझी पाळी सकाळी सहाची असते आणि पत्नीची आठची. रजा घेतली तर त्या दिवसाची मजुरी जाते, आणि महिन्यात तिसऱ्यांदा गेली तर काम जाते. औषधाने दहा वाजेपर्यंत अंग थंड राहील हे मला माहीत होते. दारात ताप मोजणाऱ्या बाईंनी कपाळासमोर यंत्र धरले, हिरवा दिवा लागला आणि मी निघालो. दुपारी चाचणी केली नाही, कारण चाचणी केली असती तर कळले असते.

सुदैवाने ते साधे पडसेच निघाले असावे. पण कातरवेळ ताईंनी लिहिलेले श्वास रोखून धरण्याचे वाचल्यावर त्या हिरव्या दिव्याची आठवण झाली. मी वाईट माणूस नाही असे मला वाटते. माझ्या मुलाच्या वर्गात असे कोणी घर आहे हे मला ठाऊकच नव्हते. ठाऊक असते तर पाठवले नसते का? प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या दिवशी तरीही पाठवले असते. म्हणून नुसते आवाहन करून हे थांबणार नाही. शाळेने एवढे तरी करावे की आजारपणातली गैरहजेरी गैरहजेरी धरू नये आणि शंभर टक्के हजेरीची ती प्रशस्तिपत्रके बंद करावीत. माझ्या मुलाला त्या दिवशी शाळेत जायची घाई त्या कागदासाठीही होती.

पिंपळपान

दादा, हे लिहायला धैर्य लागते. त्या प्रशस्तिपत्रकाचा मुद्दा मी आमच्या शाळेत मांडणार आहे, कारण तो मला कधी सुचलाच नव्हता.

खडू_फळा

मी प्राथमिक शाळेत शिकवते. शिक्षकांच्या बाजूने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

'काळजी घेतली जाईल' असे वाक्य शाळेकडून येते तेव्हा बहुतेक वेळा कोणी काहीच ठरवलेले नसते. म्हणून पालकांनी 'काळजी घ्या' असे न लिहिता एकेक करण्याजोगी गोष्ट लिहावी: खिडकी कोण उघडेल, वर्गात कोणी बाधित निघाले तर निरोप किती तासांत येईल, मधल्या सुट्टीत मुखपट्ट्या निघतात तेव्हा मुले कोठे बसतील, संगीताचा तास कोठे होईल. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट परगण्यात समूहगायनाच्या अडीच तासांच्या सरावाला ६१ जण आले होते आणि त्यांतल्या एका आजारी व्यक्तीपासून ५२ जणांना बाधा झाली असावी, असे तपासात दिसले; दोघे दगावले. हे वाचल्यापासून मी प्रार्थनेपासून कवितेपर्यंत जे काही मोठ्याने म्हणायचे ते पटांगणात म्हणवून घेते.

दुसरी गोष्ट आजार सांगण्याची. पालकांना भीती वाटते की सांगितले तर मुलाला वेगळी वागणूक मिळेल, किंवा बातमी नोकरीच्या ठिकाणी पोहोचेल. ती भीती अनाठायी नाही. मी स्वतः एकदा चूक केली आहे. एका मुलाला खिडकीशेजारी बसवले आणि वर्गाला कारण सांगितले. माझ्या मनात चांगलेच होते, पण आठवडाभरात मुले त्याला विचारू लागली की तुझे बाबा कधी मरणार. तेव्हापासून मी खिडक्या सर्वांसाठी उघडते आणि कारण कोणाचेही सांगत नाही. आजाराचे नाव शाळेला सांगण्याची गरज नसते. 'घरात संसर्गाचा गंभीर धोका असलेली व्यक्ती आहे' असे डॉक्टरांचे एका ओळीचे पत्र पुरते.

अबोली

मी पालक म्हणून लिहीत नाही. मी त्या अंथरुणात बसलेल्या मुलीच्या जागी होते, म्हणून लिहिते.

माझ्या वडिलांना रक्ताचा कर्करोग होता आणि त्यांची केमोथेरपी चालू होती. मी दहा वर्षांची होते. शाळेत कांजिण्यांची साथ आली आणि मला पुरळ उठले. कांजिण्या पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात, त्यामुळे ज्या संध्याकाळी मी बाबांच्या शेजारी बसून भूगोलाचा नकाशा रंगवला होता त्या संध्याकाळी माझ्या हाती काहीच नव्हते, हे मला आज कळते. तेव्हा मात्र पुरळ दिसताच मला काकूंकडे नेऊन ठेवण्यात आले. तीन आठवडे मला कोणी काही सांगितले नाही. मोठी माणसे फोनवर बोलताना मी खोलीत आले की आवाज खाली जायचा. बाबा रुग्णालयात होते. त्यातून ते बाहेर आले, घरी आले, माझ्याशी पूर्वीसारखेच बोलले. दोन वर्षांनी ते गेले.

ते माझ्या कांजिण्यांमुळे गेले असे मी मनाशी धरून चालले. कोणाला विचारले नाही, कारण उत्तर 'हो' आले असते तर काय करायचे हे ठरवता येत नव्हते. बावीस वर्षांची असताना कपाट आवरताना त्यांची फाइल सापडली, तेव्हा आईला विचारले. तिने मला शेजारी बसवून एकेक कागद दाखवला: कांजिण्या तीन आठवड्यांत पूर्ण बऱ्या झाल्या होत्या, त्यानंतर कर्करोग दुसऱ्यांदा उलटला होता, तारखा लिहिलेल्या होत्या. आईला माझ्या मनात हे आहे याची कल्पनाही नव्हती. 'तू लहान होतीस, तुला कशाला सांगायचे' एवढेच ती म्हणाली.

म्हणून ताई, मुलीला सांगताना 'तुझ्यामुळे मला काही होणार नाही' असे सांगू नका. ते तुमच्या हातात नाही आणि मुलांना ते कळते. 'मला काही झाले तर ते विषाणूमुळे झालेले असेल, तू केलेले नसेल' असे सांगा, आणि एकदाच सांगून थांबू नका. आणि घसा दुखतो हे सांगितल्यावर तुम्ही घाबरलात असे तिला दिसू देऊ नका. एकदा का ते दिसले की पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

मतभिन्न

अबोली यांचे वाचून बराच वेळ गप्प बसलो. माझे मत पूर्ण बदललेले नाही. शाळा चालू राहिलीच पाहिजे. परंतु 'बाकीच्यांना मोकळे करावे' हे शब्द मी मागे घेतो. खिडक्या उघडण्यात आणि हजेरीची सक्ती शिथिल करण्यात माझ्या मुलाचे काही जात नाही. आमच्या पालकसभेत मी हे दोन्ही मांडतो. माझ्या घरी कोणी आजारी नाही, तेव्हा माझे म्हणणे कदाचित लवकर ऐकले जाईल. हे फारसे भूषणावह नाही, पण तसे आहे.

कातरवेळ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

आम्ही मुलीला पाठवले. आधी मुख्याध्यापकांना खडू_फळा यांनी सांगितल्याप्रमाणे पत्र लिहिले, चार मागण्या, चार ओळी. तीन मान्य झाल्या. बाधिताची माहिती कोणाचे नाव न घेता त्याच दिवशी कळवली जाते, मधली सुट्टी पटांगणात होते, आणि आजारपणाच्या गैरहजेरीची नोंद वेगळी होते. ऑनलाइनची सोय चालू ठेवण्याची चौथी मागणी फेटाळली गेली, आणि त्याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही. अन्य दोन पालकांनी त्यानंतर मला स्वतंत्रपणे फोन केला. एकाच्या पत्नीचे स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू आहेत, दुसरी स्वतः डायलिसिसवर आहे. आम्ही तिघे एकाच तुकडीतले आहोत आणि दोन वर्षे एकमेकांना पालकसभेत नमस्कार करत होतो.

कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र मी विकत घेऊन वर्गशिक्षिकांना दिले. पहिल्या दिवशी दुसऱ्या तासाला २,१५० दाखवले. त्यांनी मागची खिडकी उघडायला घेतली तर ती रंगाच्या थरांनी चौकटीला चिकटलेली निघाली. शिपायांनी पातळ पाते फिरवून ती सोडवली. समोरचे दार उघडे ठेवल्यावर पंधरा मिनिटांत आकडा ९०० च्या खाली आला. आता आकडा वाचून फळ्याच्या कोपऱ्यात लिहिण्याची मुलांची पाळी लागते आणि हजारावर गेला की ती आपण होऊन ओरडतात.

मुलीशी अबोली यांच्या शब्दांत बोलले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग मी मास्क कशाला घालायचा?" मी म्हटले की पावसात छत्री घेतो तशी, तरी कोणी भिजलेच तर त्यात छत्रीवाल्याचा दोष नसतो. हे उत्तर तिला पटले की नाही माहीत नाही, पण नाक दाबून अंक मोजणे तिने थांबवले आहे. निदान माझ्यासमोर तरी.

दुसऱ्या आठवड्यात वर्गातील एक मूल बाधित निघाले. निरोप त्याच दुपारी आला. ती घरी येताच मी तिला बसवून विचारले की आजपासून काही दिवस तू पुढच्या खोलीत आणि मी मागच्या, चालेल का. तिने स्वतःच उशी नेली. मी घरातही एन-९५ मास्क लावला, खिडक्या रात्रंदिवस उघड्या ठेवल्या. पहिली जलद चाचणी नकारात्मक आली तरी तिच्यावर विसंबलो नाही. एक दिवसाआड करत राहिलो आणि शेवटी आरटीपीसीआर करून घेतली. तीही नकारात्मक आली. त्या दिवसांत आम्ही दाराच्या दोन्ही बाजूंना बसून तिचे पाढे म्हटले. तिसऱ्या रात्री तिने दारापलीकडून सांगितले की घसा थोडा दुखतो आहे. मी शक्य तितक्या सपाट आवाजात 'बरं, सकाळी बघू' म्हटले आणि नंतर स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. सकाळी घसा दुखत नव्हता.

एक विनंती आहे. शेजारच्या तुकडीच्या शिक्षिकांनी ते यंत्र मागितले आहे, पण ते आमच्या वर्गातून हलवावे असे मला वाटत नाही. कोणाकडे वापरात नसलेले असेल तर कृपया कळवावे.

मोजपट्टी

माझ्याकडे एक आहे. थोडे जुने आहे, पण आकडा बरोबर दाखवते. देण्यापूर्वी मोकळ्या हवेत ठेवून ४२० वर लावून घेतो. तुमच्या वर्गातलेही दोन-तीन महिन्यांनी तसेच तपासून घ्यावे, कारण ही यंत्रे हळूहळू चुकू लागतात. पत्ता निरोपात कळवा.